ऑफिसच्या कम्प्युटरवरची बटणं (सोसायटी ग्रुप, विजापूर रोड, सोलापूर)

सेक्रेटरी: नोटिसा लिबरऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) टाइप होतात. पाण्याचा दिवस बदलला की तासाभरात नोटीस लावायची असते, आणि ऑफिसातल्या काकांना वरच्या पट्टीतली (टूलबारमधली) बारकी चित्रं ओळखू येत नाहीत. लागतात तेवढीच बटणं दिसतील असं करता येतं का? जाणकारांनी सांगा की.

बी-३०४: येतं. पण स्टँडर्ड पट्टीला हात लावू नका, वेगळी पट्टी करा. टूल्स > कस्टमाइझ > टूलबार्स. आधी 'स्कोप' (पट्टी कुठे साठवायची ते) बघा, तिथे 'लिबरऑफिस रायटर' असायला हवं, फाइलचं नाव नको. मग 'टार्गेट'शेजारच्या छोट्या बटणातून 'ॲड', नाव द्या 'सोसायटी'. नवी पट्टी रिकामी असते. डावीकडच्या शोधात कमांडचं नाव टाइप करा आणि मधल्या बाणाने उजवीकडे ढकला.

सेक्रेटरी: कुठल्या कमांड?

बी-३०४: पाच पुरेत. सेव्ह, प्रिंट, 'एक्सपोर्ट डायरेक्टली ॲज पीडीएफ', 'पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट' आणि पेज ब्रेक (पुढचा मजकूर नव्या पानावर). पेस्टचं ते बटण फार कामाचं. व्हॉट्सॲप वेबवरून किंवा मेलमधून मजकूर उचलला की सोबत तिथला फाँट, रंग, अंतर सगळं येतं आणि नोटिशीचा अवतार होतो. या बटणाने फक्त अक्षरं येतात. कीबोर्डवर कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-व्ही आहे, पण काकांना चार बोटांची कसरत कशाला?

सी-१०२: एक सावधगिरी. 'प्रिंट' आणि 'प्रिंट फाइल डायरेक्टली' अशा दोन कमांड आहेत, चित्रं जवळजवळ सारखी. दुसरी काही विचारत नाही, थेट अख्खी फाइल प्रिंटरला पाठवते. वार्षिक हिशेबाची फाइल उघडी असताना चुकून दाबली तर कागदाचा गठ्ठा बाहेर. साधी 'प्रिंट'च ठेवा, ती पानं आणि प्रती विचारते.

ए-५०१ काका: बगा, चित्रंच नकोत. मराठीत नाव दिसलं तर सोपं.

बी-३०४: होतं काका. उजव्या यादीत कमांड निवडा, 'मॉडिफाय' > 'रिनेम', आणि लिहा 'पीडीएफ करा', 'साधं पेस्ट'. नुसतं नाव बदलून ते पट्टीवर उमटत नाही, माउस नेल्यावरच दिसतं. म्हणून 'टार्गेट'शेजारच्या त्याच बटणात 'आयकॉन अँड टेक्स्ट' निवडा. ते पूर्ण पट्टीला लागू होतं, तेव्हा बटणं जास्त असतील तर उजवीकडची दुमडली जातात. पाचच ठेवा म्हटलं ते याचसाठी.

खजिनदार मॅडम: मला सोसायटीचा लोगो बटणावर लावायचा होता. अगदी धूसर दिसतोय.

सी-१०२: 'मॉडिफाय' > 'चेंज आयकॉन' > 'इम्पोर्ट'ने लावलात ना? त्या खिडकीत खालीच लिहिलंय, १६ बाय १६ पिक्सेलचं चित्र चांगलं दिसतं, बाकी आपोआप लहान-मोठं केलं जातं. लोगोतली बारीक अक्षरं १६ पिक्सेलमध्ये मावतच नाहीत. एक ठळक आकार, दोन रंग, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एवढंच टिकतं. लोगो लेटरहेडवरच शोभतो मॅडम. आणि बटणं लहान वाटत असतील तर चित्र बदलून काही होणार नाही. टूल्स > ऑप्शन्स > लिबरऑफिस > व्ह्यू इथे टूलबारचा आयकॉन साइज 'लार्ज' करा.

खजिनदार मॅडम: काल केलेली पट्टी आज नव्या फाइलमध्ये नाहीच.

बी-३०४: नव्वद टक्के हे 'स्कोप'मुळेच होतं. तिथे फाइलचं नाव होतं म्हणजे पट्टी त्या फाइलीपुरतीच साठवली गेली. नसेल तर व्ह्यू > टूलबार्समध्ये 'सोसायटी'वर टिक आहे का बघा. तिसरं, व्ह्यू > यूजर इंटरफेसमध्ये कुणी 'टॅब्ड' केलं असेल तर जुन्या पट्ट्या झाकल्या जातात, 'स्टँडर्ड टूलबार' निवडा. आणि तुमचं विंडोजचं लॉगिन ऑफिसातल्या काकांपेक्षा वेगळं असेल तर तिथे पट्टी दिसणारच नाही, सेटिंग प्रत्येक लॉगिनची वेगळी साठते.

सी-१०२: सगळंच बिघडलं तर हेल्प > 'रिस्टार्ट इन सेफ मोड'. तिथे फॅक्टरी सेटिंगखाली 'रीसेट सेटिंग्ज अँड यूजर इंटरफेस मॉडिफिकेशन्स' एवढीच टिक. 'एंटायर यूजर प्रोफाइल'ला हात लावू नका, शब्दकोशात घातलेले मराठी शब्द आणि टेम्प्लेटही जातील.

ए-५०१ काका: माझ्या घरी एमएस वर्ड आहे. त्यात?

सी-१०२: काका, वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > क्विक ॲक्सेस टूलबार. वरच्या यादीत 'कमांड्स नॉट इन द रिबन' (रिबन म्हणजे वर्डची वरची रुंद पट्टी) निवडलं की एरवी न दिसणाऱ्या कमांडही मिळतात. पहिल्या नऊ बटणांना आल्ट-१ ते आल्ट-९ आपोआप मिळतात, म्हणून रोजचं बटण पहिलं ठेवा. मॅक्रो (आपण स्वतः साठवलेल्या कमांडची मालिका) सोडून बाकी बटणांचं चित्र मात्र तिथे बदलत नाही. २००३ च्या वर्डमध्ये पिक्सेल रंगवून बटण काढता यायचं, ते गेलं.

खजिनदार मॅडम: आणि माझ्या वर्डची पट्टी मुलाच्या लॅपटॉपवर न्यायची असेल तर?

सी-१०२: त्याच पानावर खाली 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट'. फाइल निघते, ती दुसरीकडे इम्पोर्ट करायची. फक्त आधी त्याला विचारा, कारण त्याने स्वतः केलेले रिबनचे आणि पट्टीचे सगळे बदल त्यात पुसले जातात.

सेक्रेटरी: ठीक आहे. उद्या संध्याकाळी बी-३०४ ऑफिसात येतील का? स्कोप तपासूनच सुरुवात करू.

बी-३०४: सातनंतर येतो.