विषय: चॉकलेट बोटांना लागतं, खोबरं तिसऱ्या दिवशी आंबतं

प्रेषक: बालगटातल्या एक आई

मंडळी, नमस्कार.

गेले तीन रविवार मी घरी चॉकलेट-नारळाचे गोळे करते आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची, दोघांनाही चॉकलेट म्हणजे जीव की प्राण. सासरे आमच्याकडेच असतात, त्यांना मधुमेह आहे. मुलं खात असली की ते काही बोलत नाहीत, नुसते बघत बसतात. ते मला बघवत नाही. सगळ्यांना एकाच डब्यातलं खाता यावं, एवढीच इच्छा आहे.

माझी पद्धत अशी: ओला नारळ खवते, त्यात मध आणि चार चमचे खोबरेल तेल घालून गोळे वळते. ते फ्रीजमध्ये कडक करते आणि वितळवलेल्या चॉकलेटात बुडवते. चॉकलेटला चकाकी यावी म्हणून त्यातही दोन चमचे खोबरेल घालते. चव छान असते. पण गोळा हातात घेतला की चॉकलेट बोटांना लागतं. दुसऱ्या दिवशी वर पांढुरके पट्टे उमटतात आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो. मागच्या वेळी तर वितळवतानाच चॉकलेटचा एकदम रवाळ लगदा झाला. सगळं टाकून द्यावं लागलं, फार जिवावर आलं.

आणखी एक. मी तेल मुद्दाम जास्त घालते, कारण ते चांगलं असतं असं वाचलं होतं. घरचं आहे म्हणून मुलांना तीन-तीन गोळेही देते. हे बरोबर आहे ना?


प्रेषक: ग्रंथालयाच्या काकू

अगं, तुझा मेल वाचला आणि लगेच लिहायला बसले. तुझे प्रश्न एकेक करून घेते. बोटांना लागण्याचं मूळ आहे ते तेल.

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, वितळतं ३४ च्या आसपास. हा दहा अंशांचा फरक म्हणजेच चॉकलेटची सारी मजा आहे. त्यामुळेच ते बोटांत धरता येतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. तू त्यात खोबरेल घातलंस की थर मऊ पडतो आणि बोटांच्या उबेनेच सुटायला लागतो. चकाकी तेलाने येत नाही, ती कोको बटर नीट जमल्याने येते.

नीट जमणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात. त्यांतला पाचवा प्रकार आपल्याला हवा. तो कडक असतो, चकाकतो आणि मोडताना टक् असा आवाज करतो. चॉकलेट वितळवून तसंच थंड होऊ दिलं तर सगळे प्रकार मिसळून जमतात. मग काही दिवसांत, कधी एका रात्रीतच, चरबी वर येऊन पांढुरके पट्टे दिसतात. ती बुरशी नव्हे, खायला काही हरकत नाही. पण पट्टे खरबरीत लागत असतील आणि ओल्या बोटाने विरघळत असतील तर ती साखर आहे. गार गोळ्यावर हवेतलं पाणी धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी वाळलं की वर राहते. तुझ्या बाबतीत दोन्ही होत असावं, कारण तू गोळे फ्रीजमधून काढून थेट बुडवतेस.

उपाय असा. गडद चॉकलेट बारीक चिरून घे. दोन भाग वितळव, एक भाग बाजूला ठेव. वितळवताना ४५ ते ५० अंशांपर्यंत जाऊ दे, त्याहून वर नको. मग आचेवरून उतरवून बाजूचं चॉकलेट थोडंथोडं घालत ढवळत राहा, ३१-३२ अंशांवर येईपर्यंत. त्या न वितळवलेल्या तुकड्यांमध्ये हवे ते स्फटिक आधीच असतात, त्यांच्यामुळे बाकीचंही तसंच जमतं. विरजणासारखंच आहे हे. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असला तर उत्तम. नसला तर सुरीचं टोक बुडवून बाहेर ठेव. पाचेक मिनिटांत थर घट्ट आणि चकचकीत झाला तर जमलं म्हणायचं. दूध चॉकलेटला एक-दोन अंश कमी धर. गोळे मात्र बुडवण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेव आणि वरचा दमटपणा फडक्याने टिपून घे. फार गार गोळ्यावर थर तडकतोसुद्धा.

लगदा झाला तो पाण्यामुळे. वाटी ओली असेल, नाहीतर वाफ शिरली असेल. वितळलेल्या चॉकलेटात थेंबभर पाणी गेलं की साखरेचे कण ते शोषतात आणि एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे यावर उपाय आणखी पाणी हाच आहे! गरम दूध किंवा नारळाचं दूध चमचा-चमचा घालत ढवळलंस की तो लगदा पुन्हा गुळगुळीत होतो. बुडवायला चालत नाही, पण गोळ्यांच्या सारणात सुरेख जातो. पुढच्या वेळी टाकू नकोस गं.

पाकीट घेताना घटकांची यादी बघ. कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असेल तर ते कंपाऊंड चॉकलेट. ते काही न करता छान जमतं, पण त्या तेलात आणि साखरेत तुझा मूळ हेतू बाजूला राहतो.

आता नारळ. ओल्या नारळाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं. डेसिकेटेड कोकोनटमध्ये, म्हणजे आपल्या सुक्या किसात, पाणी तीन-चार टक्केच. म्हणून ओल्याचे गोळे आंबतात आणि सुक्याचे टिकतात. ओलाच हवा असेल तर मंद आचेवर परतून पाणी आटव, आणि तरी फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपव, नाहीतर फ्रीझरमध्ये टाक. सुका कीस घेतलास तर मात्र आधी दोन चमचे गरम पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेव. कोरडा कीस नंतर मिश्रणातला ओलावा ओढतो आणि दुसऱ्या दिवशी गोळे भुसभुशीत होतात. कीस घालायच्या आधी चाखून बघ. खवट खोबऱ्याला कोणतंही चॉकलेट वाचवू शकत नाही.

कळावे,
काकू


प्रेषक: एक काका

ताई, काकूंनी चॉकलेटचं शास्त्र फार छान समजावलं. मीही मधुमेही आहे म्हणून विचारतो. साखरेऐवजी मध, गूळ किंवा खजूर वापरला तर आमच्यासारख्यांना चालतो ना? घरी सगळे म्हणतात की नैसर्गिक आहे, खा.


प्रेषक: आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या एक ताई

काका, नमस्कार. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मध आणि गूळ ही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि सिरप हे वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजले आहेत. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांखाली. २००० उष्मांक खाणाऱ्या प्रौढ माणसाला म्हणजे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. लहान मुलांना त्यांच्या खाण्याच्या मानाने आणखी कमी. अख्खा खजूर या मोजणीत धरत नाहीत आणि त्यात तंतूही असतात, म्हणून मी तो निवडते. पण १०० ग्रॅम खजुरात साठ-पासष्ट ग्रॅम साखर असते आणि ती रक्तात जातेच. तुमच्यासाठी तो मोजूनच खायचा पदार्थ आहे. किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासून बघा. दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

आता मूळ मेलमधल्या तेलाबद्दल. खोबरेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संतृप्त (सॅच्युरेटेड) असते. लोण्यातही एवढी नसते. एका मोठ्या चमच्यात साधारण ११-१२ ग्रॅम. दिवसाची मर्यादा २००० उष्मांकांच्या आहारात साधारण २२ ग्रॅम आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल न वापरण्याचा सल्ला दिला, कारण ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. नारळ वाईट नाही. अख्ख्या नारळात चरबीबरोबर तंतू असतात, चावायला लागतं, पोट भरल्याचं कळतं. निव्वळ तेल वरून ओतण्यात यातलं काहीच मिळत नाही. गोळे वळण्यापुरता ओलसरपणा खजुरातून मिळतो, तेलाची गरजच नाही.

मी घरी करते ते प्रमाण देते: बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, बिनसाखरेचा सुका कीस १५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, लागेल तसं गरम पाणी. खजूर कडक असेल तर आधी भिजवून घ्या. किसातला निम्मा भाग कोरडाच, मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. हे टाळू नका. परतलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि चिमूटभर मीठ असलं की गोडवा कमी असून खटकत नाही. खजूर वाटा, सगळं मळा आणि छोट्या लिंबापेक्षाही लहान गोळे वळा. साधारण २६ होतात.

मी हिशोब मांडला आहे. एका गोळ्यात ६० च्या थोडे वर उष्मांक, पाच-साडेपाच ग्रॅम साखर, तीन ग्रॅमच्या वर संतृप्त चरबी आणि दोन ग्रॅमच्या जवळपास तंतू. वर ७० टक्क्यांच्या चॉकलेटचा पाच ग्रॅम थर दिलात तर साखर दीड ग्रॅमने आणि संतृप्त चरबी ग्रॅमभराने वाढते. म्हणजे तीन गोळ्यांत तेरा ग्रॅमच्या आसपास संतृप्त चरबी, मोठ्या माणसाच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त. पाच वर्षांच्या मुलीसाठी हे फार आहे, ताई. एक द्या, जेवणानंतर द्या आणि बसून खाऊ द्या. घरचं असल्याने आपल्याला त्यात काय आहे ते कळतं, आकार आपल्या हातात राहतो. पण म्हणून मोजायचं सोडता येत नाही.

७० टक्के म्हणजे कोकोची पूड आणि कोको बटर मिळून ७०. उरलेल्यात बहुतेक साखरच असते. आणि मुलांना एकदम ७० वर नेऊ नका. ५० पासून सुरू करा, महिन्याने ६० वर जा. जीभ बदलते, पण तिला वेळ लागतो. माझ्या मुलाला दोन महिने लागले.

कोको पावडर घेताना पाकिटावर 'अल्कलीची प्रक्रिया केलेली' असं आहे का ते बघा. ती काळपट आणि चवीला सौम्य असते, पण त्या प्रक्रियेत कोकोतली फ्लॅव्हनॉल्स, म्हणजे आरोग्याला चांगली मानली जाणारी द्रव्यं, बरीच कमी होतात. साधी पावडर जरा आंबट-कडू लागते, मला तीच आवडते. मात्र गडद चॉकलेट आरोग्याचं म्हणून भरपूर खायचं नाही. कोकोत कॅडमियम हा अपायकारक धातू असू शकतो आणि कोको जास्त तितका तोही जास्त असण्याची शक्यता. युरोपीय संघाने त्यावर जानेवारी २०१९ पासून मर्यादा लागू केल्या आहेत, त्या काही उगाच नव्हेत. मुलांसाठी मी रोजचा पदार्थ ठेवलेला नाही, आठवड्यातून दोन-तीनदा.

वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या गोळ्यात अख्खा बदाम किंवा काजू घालू नका, पूड करून घाला. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याला विषासारखं असतं.


प्रेषक: बालगटातल्या एक आई

ताई, काकू, दोघींना मनापासून धन्यवाद. तीन गोळ्यांचा हिशोब वाचून त्या रात्री मला झोप आली नाही, खरं सांगते. मी प्रेमानेच देत होते.

काल ताईंच्या प्रमाणाने केले. तेल नाही, मध नाही. निम्मे गोळे नुसत्या कोको पावडरीत घोळवले आणि निम्म्यांना काकूंच्या पद्धतीने चॉकलेट लावलं. सुरीवरचा थर सहा मिनिटांत जमला. मुलाला हाक मारून तो दाखवला, मग त्याने स्वतःच दहा गोळे बुडवले. आज सकाळी डबा उघडला तर एकही पट्टा नाही, आणि गोळा हातात धरून मुलगी चक्क दुसऱ्या खोलीत गेली तरी बोटं स्वच्छ.

मुलाला कडू लागलं, त्याने स्पष्ट सांगितलं. म्हणून पुढच्या वेळी ५० टक्क्यांचं घेणार आहे. मामंजींनी डॉक्टरांना फोन करून विचारलं. अर्धा गोळा, जेवणानंतर, आणि तपासून बघायचं असं ठरलं आहे. त्यांनी तो अर्धा गोळा बशीत घेऊन पंधरा मिनिटं पुरवला. मुलं त्यांच्याशेजारीच बसली होती.

एकच अडचण उरली. उरलेलं मिश्रण ताटात थापून वर चॉकलेटचा थर दिला, पण वड्या कापताना तो थर तडकून तुकडे उडतात. काय करू?


प्रेषक: ग्रंथालयाच्या काकू

थर पूर्ण कडक व्हायच्या आत कापायचं, बोट लावलं तर ठसा उठेल पण बोटाला लागणार नाही इतपत झाल्यावर. तेव्हा नुसत्या रेघा मारून ठेव आणि घट्ट झाल्यावर त्याच रेघांवर काप. ती वेळ हुकलीच तर सुरी गरम पाण्यात बुडव, पूर्ण कोरडी पूस, आणि दाबू नकोस, सुरीच्या उबेनेच थर सुटू दे. प्रत्येक कापाला पुन्हा बुडवायची आणि पुन्हा पुसायची.

आणि मामंजींसाठी वडी कापशील तेव्हा ती मुलांच्या वडीच्या निम्मी काप, पण चॉकलेटचा थर कडेपर्यंत आलेला तुकडा त्यांना दे.