हेडलाईटचा बल्ब स्वतः बदलावा का? डाव्या बाजूचा डिपर चार महिन्यांत दुसऱ्यांदा गेला

कळेकर

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची वॅगन आर आहे आणि कोल्हापूर ते साळवण असे शाळेसाठी माझे रोजचे जाणे-येणे असते. परतताना बहुधा अंधार पडलेला असतो. सध्या गळीत हंगाम चालू असल्यामुळे कळे ते बालिंगा या पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सतत पुढे असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला असतो, त्यामुळे आपल्या गाडीच्या उजेडावरच सगळी भिस्त ठेवावी लागते.

अडचण अशी आहे की, डाव्या हेडलाईटचा डिपर, म्हणजे खाली पडणारा झोत, चार महिन्यांत दुसऱ्यांदा गेला आहे. अप्पर, म्हणजे लांब पडणारा झोत, मात्र दोन्ही बाजूंचा व्यवस्थित लागतो. मागच्या वेळी एका दुकानात बल्ब बदलून घेतला होता. तिथल्या मुलाने तो रस्त्यावरच, उघड्या हातांनी, दोन मिनिटांत बसवला आणि बल्बचे दीडशे व बसवणावळीचे शंभर रुपये घेतले. काल पुन्हा तिथे गेलो, तर गाडीचे बॉनेटही न उघडता "सर, आता एलईडी टाकून घ्या, नाहीतर १००/९० वॅटचे बल्ब देतो, मग उजेड बघा" असा सल्ला मिळाला.

ज्याने आजवर स्टेपनी बदलण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, अशा माणसाला हा बल्ब घरी बदलता येईल का? आणि एकाच बाजूचा डिपर पुन्हा पुन्हा जाण्यामागे काय कारण असू शकेल?

उद्यमनगरी

सर, गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत. बल्ब तुम्हाला नक्की बदलता येईल, परंतु नवा बल्ब विकत घेण्याआधी जुना खरोखरच गेला आहे का, हे पाहून घ्या.

तुमच्या गाडीत एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, अप्परचे ६० वॅटचे आणि डिपरचे ५५ वॅटचे, आणि मागे तीन पिना असतात, ज्यांतील एक दोघांना सामाईक असते. डाव्या बाजूचा अप्पर लागतो, याचा अर्थ सामाईक पिनेचा मार्ग ठीक आहे. दोष उरतो तो डिपरचे फिलामेंट, डिपरच्या पिनेचा संपर्क किंवा त्या बाजूच्या डिपरला वेगळा फ्यूज असल्यास तो, या तिघांत. फ्यूज आधी बघून घ्या, ते एका मिनिटाचे काम आहे. तो शाबूत असेल, तर डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवून पाहा. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब गेला आहे आणि दोष डावीकडेच राहिला तर बल्ब निर्दोष असून खोट वायरिंगमध्ये आहे. या अदलाबदलीला एक रुपयाही लागत नाही, तरीही ती करून पाहणारे फार थोडे असतात.

आता प्रत्यक्ष काम सांगतो. लाईट बंद करून चावी काढून घ्या आणि गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबा, कारण हॅलोजनची काच चांगलाच चटका देते. बॉनेट उघडल्यावर हेडलाईटच्या पाठीमागे तीन पिनांचा कपलर, म्हणजे वायरी बल्बला जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट, दिसेल. तो वायरींना धरून ओढू नका, त्याच्या अंगाला धरून किंचित डावी-उजवीकडे हलवत सरळ मागे काढा. त्यामागे रबरी टोपी असते, तिचे कान धरून ती सोलल्यासारखी काढावी लागते. आत बल्बला धरून ठेवणारी तारेची क्लिप असते. तिचे टोक आधी आत दाबायचे आणि मग बाजूला सरकवायचे, म्हणजे ती खाचेतून सुटते. नवशिक्यांची झटापट इथेच होते. म्हणून प्रत्येक वस्तू काढण्याआधी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा. ज्या बाजूला बॅटरी जवळ येते, तिथे हात नीट शिरत नाही आणि काम डोळ्यांनी न दिसता बोटांनी चाचपून करावे लागते, त्यामुळे मोकळ्या बाजूने सुरुवात करून हात बसवून घ्या.

नवा बल्ब धातूच्या बुडालाच धरा. काचेला बोट लागले तर त्वचेचे तेल व क्षार तिथे चिकटतात, बल्ब तापल्यावर त्या जागी काच अधिक तापते आणि कालांतराने कमकुवत होते. चुकून बोट लागलेच, तर औषधांच्या दुकानात मिळणारे स्पिरिट स्वच्छ कापडावर घेऊन काच पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. तुमचा पहिला बल्ब उघड्या हातांनी बसवला गेला म्हणूनच लवकर गेला, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चार महिन्यांत दोनदा दोष आला की माझे लक्ष आधी कपलरकडे जाते.

बल्बच्या चकतीला तीन कान असतात आणि त्यांची रचना अशी असते की बल्ब एकाच स्थितीत पूर्ण आत बसतो. घाईत तिरका बसवून वरून क्लिप दाबली, तरी दिवा लागतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. उजेड मात्र रस्त्यावर पडण्याऐवजी झाडाच्या शेंड्यावर किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. क्लिप लावण्याआधी बल्ब बोटाने हलवून पाहा, तो हलता कामा नये.

कपलरची तपासणी अशी करा. आतली तीन छिद्रे दाराच्या चौकटीसारखी दिसतात, दोन उभी आणि वर एक आडवे. त्यांपैकी एखाद्याभोवती प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल, फुगले असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर त्या पिनेची पकड सैल झालेली आहे. डिपरला साधारण साडेचार अँपिअर प्रवाह लागतो. तो सैल जोडातून गेला की तिथे उष्णता निर्माण होते, उष्णतेने पितळेची पकड आणखी सैल होते आणि तिच्यावर कार्बन धरतो. रोज वापरात असतो तो डिपर, म्हणून करपते ती बहुधा त्याचीच पिन.

१००/९० वॅटच्या बल्बविषयी एवढेच सांगतो की, मूळ वायरिंगवर ते लावू नका. ५५ वॅटलाच तापणाऱ्या जोडातून दीडपटीहून अधिक प्रवाह गेला, तर पुढे काय होईल ते तुम्हीच ताडा. शिवाय ते रस्त्यावर वापरण्यास नियमाने बसतही नाहीत.

मंगळवार पेठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एलईडीविषयी माझा अनुभव वेगळा आहे. मी गेल्या वर्षी माझ्या जुन्या गाडीत एलईडी बल्ब बसवले. प्रकाश पांढराशुभ्र पडतो, बॅटरीवर भार कमी येतो आणि अजून काहीही बिघाड झालेला नाही. मग सगळे त्याला नावे का ठेवतात, हे मला समजत नाही. नव्या गाड्यांत कंपनीच एलईडी देते ना?

घाटवाट

मंगळवार पेठकर दादा, कंपनी एलईडी देते तेव्हा पूर्ण हेडलाईटच एलईडीसाठी घडवलेला असतो. तुमच्या गाडीतील परावर्तक मात्र हॅलोजनच्या फिलामेंटसाठी आखलेला आहे. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक लहानशी वाटी असते. तिच्यामुळे डिपरचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. काही मिलिमीटर लांबीच्या त्या फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या आल्या, की प्रकाशाचा उगम थोडासा सरकतो आणि वर-खाली काटेकोर कापलेली प्रकाशाची रेघ विस्कटते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून चांगल्या डिपरची रेघ उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, थोडी वर चढते. ती विस्कटली की चालकाला आपल्यासमोर लख्ख उजेड दिसतो, आणि तरीही दूरची कडा अंधारातच राहते.

त्रास समोरच्याला होतो, म्हणून बसवणाऱ्याला तो कळत नाही. आंबा घाटात एका वळणावर समोरून आलेल्या अशाच गाडीमुळे मला दोन-तीन क्षण रस्त्याचा कठडाच दिसेनासा झाला होता. तेव्हापासून या विषयावर माझे मत जरा तिखट आहे, याची कल्पना असू द्यावी.

नियमांचेही पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असला पाहिजे किंवा चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे, इतका की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर येतात. खेरीज मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवर बंधने आहेतच.

कळेकर सर, उजेड कमी वाटत असेल तर वॅट वाढवण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. हेडलाईटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर बल्ब कोणताही लावा, उजेड आतच अडकतो. ती पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून चकचकीत करता येते. दुसरे म्हणजे लाईट लावून इंजिन चालू असताना बॅटरीवरचा आणि कपलरवरचा व्होल्टेज मोजून घ्या. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी पडला, तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. उलट बॅटरीवरच १५ व्होल्टच्या वर दिसत असेल, तर अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, रेग्युलेटरमध्ये दोष आहे आणि मग बल्ब वारंवार जाणारच.

मंगळवार पेठ

घाटवाट, तुमचा मुद्दा पटला. आज रात्री भावाला गाडी चालवायला लावली आणि मी स्वतः मोटारसायकलवरून समोरून आलो. डिपरवर असतानाही मला अप्परसारखे दिपले. जुने हॅलोजन अडगळीत आहेत, ते रविवारी परत बसवतो.

कळेकर

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

फ्यूज ठीक होता. उजव्या बाजूचा बल्ब काढायला मला पंचवीस मिनिटे लागली, त्यांतली वीस त्या तारेच्या क्लिपशी झुंजण्यात गेली. डाव्या बाजूला तेच काम पाच मिनिटांत झाले. बल्बांची अदलाबदल केली आणि "गेलेला" बल्ब उजवीकडे झकास लागला! म्हणजे दुकानदार मला ज्याच्या जागी एलईडी घ्यायला सांगत होता, तो बल्ब धडधाकट होता. पहिला बल्बही कदाचित असाच शाबूत असेल, पण तो दुकानातच राहिल्यामुळे आता कळायला मार्ग नाही.

डावा कपलर उद्यमनगरी यांनी वर्णन केल्याप्रमाणेच निघाला. वरच्या आडव्या छिद्राभोवती प्लॅस्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते आणि आतली पितळी पट्टी उघडलेल्या चिमट्यासारखी सैल पडली होती. तो बदलणे मला झेपण्यासारखे नव्हते, म्हणून राजारामपुरीतील एका वायरिंगवाल्याकडून सिरॅमिकचा कपलर बसवून घेतला. त्याने जुन्या वायरींचा करपलेला भाग कापून, नव्या पिना दाबून जोड दिला. नुसत्या वायरी पिळून वर टेप गुंडाळली नाही, हे मी उभा राहून पाहिले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ आणि कपलरवर १३.७ व्होल्ट मिळाले.

एक शंका राहिली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हेडलाईटच्या आत बारीक वाफ धरलेली दिसली. आणि झोत बरोबर आहे की नाही, हे घरी कसे पाहावे?

उद्यमनगरी

सर, रबरी टोपी नीट बसलेली नाही. तिची आतली कडा बल्बच्या बुडाभोवती आणि बाहेरची कडा हेडलाईटच्या गोल ओठावर सगळीकडून चढली पाहिजे. बोट गोल फिरवून पाहा, कुठेतरी ती दुमडलेली सापडेल. वाफ जाईपर्यंत दिवसा टोपी काढून गाडी उन्हात उभी करा, पण उघडी ठेवून चालवू नका, धूळ आत गेली तर परावर्तक पुसता येत नाही.

झोतासाठी सपाट जमिनीवर भिंतीपासून पाच मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करा. टायरमध्ये हवा योग्य असावी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे आणि डॅशबोर्डवर झोत वर-खाली करण्याचे चाक असेल तर ते शून्यावर असावे. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ ओढा. झोत एक टक्का खाली असावा असे धरले, तर डिपरची वरची कडा त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. दोन्ही बाजू एकसारख्या नसतील, तर आधी बल्ब तिरका बसला आहे का ते पाहा. हेडलाईटमागच्या स्क्रूला हात त्यानंतर लावा.

कळेकर

टोपी खालच्या बाजूने दुमडलेलीच होती. ती नीट बसवली आणि आता वाफ धरत नाही. शाळेच्या भिंतीवर रेघ ओढून पाहिली, तर उजवा झोत डाव्यापेक्षा तळहातभर वर होता. उघडून पाहिले तेव्हा बल्बचा एक कान खाचेबाहेर राहिल्याचे दिसले. तो माझ्याच हातचा प्रताप होता, कारण उजवी बाजू मी आधी सोडवली होती आणि तेव्हा हात बसलेला नव्हता. बसवून घेतला, आता दोन्ही कडा एका रेषेत आहेत.

काल संध्याकाळी कोपार्ड्याच्या अलीकडे ट्रॉलीच्या मागे बांधलेले लाल फडके बऱ्याच आधी दिसले. एक जादा एच-४ बल्ब घेऊन, खोक्यासकट जुन्या पायमोज्यात गुंडाळून, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.