मदत हवी आहे: अंगठा आणि बोटं वेगवेगळी चालेनात

नमस्कार मंडळी. दोन वर्षं गिटारवर नुसतं स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं) करून आता फिंगरपिकिंगच्या (बोटांनी एकेक तार छेडण्याच्या) मागे लागलोय, आणि गाडी अंगठ्यापाशी अडली आहे. सी कॉर्डवर पाचवी-चौथी-सहावी-चौथी असा बेस (खर्जातला ठेका) एकट्या अंगठ्याने घड्याळासारखा वाजतो. पण दोन ठोक्यांच्या मधोमध तर्जनीने दुसरी तार छेडायला गेलो की अंगठाही तिच्यामागे पळतो. ठोक्यावरच दोन्ही तारा एकदम छेडल्या तर जमतं, घोळ फक्त मधल्या मात्रेवर. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर आणलाय, याहून कमी केला तर झोपच लागेल!

ब्लूज गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्टची 1928 ची रेकॉर्डिंग्ज ऐकतो, तो बेस किती निवांत चालतो! कंट्री गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस तर बहुतेक सगळं अंगठा आणि तर्जनीवर भागवायचा. मग मीही तीन बोटांचा हट्ट सोडू का? की आधी ई पट्टीतल्या ब्लूजसारखी सहावी तारच एकसारखी ठोकत राहू आणि आलटून-पालटून बेस नंतर घेऊ?

आणखी एक. तळवा ब्रिजवर (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) टेकवला की बेस छान दबतो, पण बोटं आखडतात. तुम्ही हात नेमका कुठे ठेवता?