आईला घेऊन ला पाझ: चार दिवसांचा बेत बरोबर आहे का?

रानजाई:
जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई (वय ६७) बोलिव्हियाला जातोय. साओ पावलोहून सांता क्रूझ, तिथून त्याच दिवशी ला पाझ. पहिल्या दिवशी सामान टाकून लगेच केबल कारने वर एल आल्तोला जायचं, दुसऱ्या दिवशी चाकालताया शिखर. तिसऱ्या दिवशी शहर: मुरिय्यो चौक, सान फ्रान्सिस्को चर्च, चेटकिणींचा बाजार. चौथ्या दिवशी तिवानाकूचे प्राचीन अवशेष. मग सुक्रे, तीन रात्री.

आईला बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रोज तासभर चालते. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. शाळेत भूगोल शिकवायची. अँडीज पर्वत तीस वर्षं फळ्यावर काढला, डोळ्यांनी कधी पाहिला नाही. तिला इलिमानी शिखर बघायचंय. हा प्रवास फसायला नको. उंचीचा त्रास कितपत मनावर घ्यायचा?

गिरीमित्र:
पूर्ण मनावर घ्या. चाकालताया ५,००० मीटरच्याही बरंच वर आहे, आणि ज्या हिमनदीसाठी लोक तिथे जायचे ती २००९ पर्यंत वितळून संपली. दुसऱ्या दिवशी तर नकोच, आईंसोबत असाल तर अजिबात नको. आणखी एक. तुम्ही ब्राझीलहून येताय, त्यामुळे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. ब्राझील आणि बोलिव्हिया दोन्ही पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत, परतताना भारतातही विमानतळावर ते मागतात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर पहिल्यांदाच घेणार असाल, तर आईंना ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दिवेलागण:
रानजाई, तुमचा बेत वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. मीही अशीच थेट ला पाझला उतरले होते, माझ्या सासूबाईंना घेऊन.

विमानतळ शहरात नाही, वर एल आल्तोच्या पठारावर आहे, ४,०६१ मीटरवर. विमानाचं दार उघडल्यावर काहीच जाणवलं नाही. आम्ही दोघी हसत बाहेर आलो, बॅगा स्वतः उचलल्या, राहत्या जागी दोन जिनेही चढलो. त्रास सुरू झाला संध्याकाळी. उंचीचा त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी अंगावर येतो, आणि तोवर माणूस निर्धास्त होऊन जास्त हिंडून बसतो. रात्री माझं डोकं ठणकत होतं. सासूबाई झोपेत काही क्षण श्वासच घेत नव्हत्या, मग एकदम खोल श्वास, मग पुन्हा शांत. मी रात्रभर त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. उंचीवर झोपेत श्वास असा तुटक होतोच आणि बहुतेक वेळा त्याने धोका नसतो, हे मला नंतर कळलं. आधी ठाऊक असतं तर ती रात्र अशी गेली नसती, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतेय. पुढचे दोन दिवस आम्ही खोलीतच काढले.

तेव्हापासून मी एकच करते. प्रत्येक ठिकाणासमोर त्याची उंची लिहिते आणि मगच क्रम लावते. ला पाझच्या बाबतीत नकाशावरचं अंतर फसवं आहे, कारण हे शहर उभं वसलेलं आहे. एल आल्तो ४,००० च्या वर, मधलं जुनं शहर ३,६४० च्या आसपास, आणि दरीच्या तळाशी सोना सुर हा भाग त्याहून काही शे मीटर खाली. (वर थंडी, वारा आणि गरिबी, खाली ऊब आणि श्रीमंत वस्ती. केबल कारमधून उतरताना हे अक्षरशः पायाखालून सरकत जातं.)

म्हणून पहिली विनंती: बेत उलटा करा. सुक्रे आधी, ला पाझ नंतर. सांता क्रूझहून सुक्रेला विमान आहे. सुक्रे २,८०० मीटरवर आहे, तिथे तीन रात्री काढल्या की शरीर निम्मी तयारी करून ठेवतं. शिवाय सुक्रे म्हणजे नुसता थांबा नव्हे. देशाची घटनात्मक राजधानी तीच. ६ ऑगस्ट १८२५ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली ती ‘कासा दे ला लिबेर्ताद’ तिथल्या चौकात आहे. आणि भूगोलाच्या बाईंना काल ओर्को दाखवाच. सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत उघडी पडलेली उभी भिंत, तिच्यावर डायनोसॉरच्या पावलांचे हजारो ठसे. एकेकाळी तो पाण्याकाठचा सपाट चिखल होता, अँडीज वर येताना तोच थर उभा झाला. फळ्यावर काढलेला पर्वत कसा घडला, ते तिथे दिसतं.

ला पाझला मुक्काम शक्यतो सोना सुरमध्ये घ्या, झोपायची जागा खाली असणं फार महत्त्वाचं. पहिला दिवस रिकामा ठेवा. खरंच रिकामा. पाणी, सूप, थोडं चालणं. रात्रीचं जेवण अगदी हलकं, कारण वर पचन मंदावतं. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, बरं वाटतं, पण तो औषध नाही. ती पानं बोलिव्हियात कायदेशीर आहेत, मात्र बरोबर घेऊन सीमा ओलांडू नका.

ॲसिटाझोलामाइडची गोळी (डायमॉक्स म्हणतात ती) अनेकजण वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण आईंना बीपीची गोळी चालू आहे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही जपावं लागतं. त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवूनच ठरवा. एवढं मात्र पाठ करून ठेवा: नुसतं बसलेलं असतानाही धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. लगेच हॉस्पिटल, ऑक्सिजन आणि खाली उतरणं.

रानजाई:
दिवेलागण, तुमचे आभार कसे मानू? आईला वाचून दाखवलं. काल ओर्कोचं ऐकून ती उठून बसली. तिकिटं बदलतेय, आधी सुक्रे. चाकालताया रद्द. पण मग इलिमानी नीट कुठून दिसेल? आणि केबल कारने वर जायचं की नाही?

दिवेलागण:
जायचं, पण तिसऱ्या दिवशी. चढायचं केबल कारने आणि पायी फक्त उतारावर, एवढा एक नियम केलात की ला पाझ म्हाताऱ्या माणसालाही झेपतं. लाल लाइनने मध्यवर्ती स्थानकातून वर जा. वाटेत खाली मोठं दफनभूमीचं शहर दिसतं, एकावर एक काचेचे कोनाडे, त्यात ताजी फुलं. वर पोचलात की चंदेरी लाइन पठाराच्या काठाकाठाने जाते, मग पिवळी खाली आणते, तिला जोडून हिरवी थेट सोना सुरला. केबिनमध्ये बसल्या बसल्या अख्खं शहर होतं. मी गेले तेव्हा एका लाइनचे ३ बोलिव्हियानो होते, पुढच्या प्रत्येक बदलाला २. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. स्थानकांना स्पॅनिशबरोबर आयमारा भाषेतली नावंही आहेत, आईंना ती वाचायला आवडतील.

गुरुवारी किंवा रविवारी लाल लाइनने गेलात, तर वर स्थानकापाशीच एल आल्तोचा प्रचंड बाजार भरलेला असतो. त्या गर्दीत आईंना नेऊ नका. वरून बघणं पुरे.

इलिमानी ६,४३८ मीटर. जूनमध्ये आकाश सहसा स्वच्छ असतं. तुम्ही पिवळ्या लाइनने उतरायला लागलात की समोर बघा. आईंना खालच्या दिशेला तोंड करून बसवा, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. बर्फ केशरी होतो. सासूबाईंनी तिथे हात जोडले होते.

चेटकिणींच्या बाजाराबद्दल आईंना आधी सांगून ठेवा. तिथे लामाची वाळवलेली अर्भकं टांगलेली असतात. नवं घर बांधताना पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, अर्पण म्हणून ती पायात पुरतात. कल्पना नसेल तर धक्का बसतो. मुरिय्यो चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरतं, ते चुकवू नका. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली त्याच बाजूने फिरते. वर्गात शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही.

मीठभाकर:
शाकाहाराबद्दल थोडं. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर कधी कधी चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो’ (मांस, चिकन, मासे, अंडं यांशिवाय) असं स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून दाखवा. साधं दिसणारं सूपही बहुतेक मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेही विचारा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे उकडलेले बटाटे, भाजलेलं कणीस आणि चीज. जांभळ्या मक्याचं गरम ‘आपी’ सकाळच्या थंडीत फार सुख देतं. सोबत चीज भरलेली मोठी फुगीर पुरी मिळते, तिला पास्तेल म्हणतात, पण पिठात अंडं आहे का आणि कशात तळलंय ते विचारून घ्या. खोल्यांमध्ये हीटर नसतो असं धरून चला, जूनमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो. दुपारचं ऊन मात्र भाजून काढतं, टोपी हवीच. आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, कारण आंदोलनात रस्ते अडवणं तिथे नेहमीचं आहे. तिवानाकूचा रस्ताही त्यात अडकू शकतो.

रानजाई:
पिवळी लाइन, साडेपाच, खालच्या दिशेला तोंड. लिहून घेतलं. आईने माझ्या वहीत पान उघडून सगळ्या ठिकाणांसमोर उंच्या लिहायला घेतल्या आहेत, लाल पेनाने.