हरवलेली बाजू : काटकोन त्रिकोणात तुम्ही कुठे अडकलात?

काल भाचीचा गृहपाठ घेत होतो. दोन बाजू 5 आणि 13, तिसरी काढायची. बाईसाहेबांनी दोन्हींचे वर्ग केले, मिळवले आणि 194 च्या वर्गमुळाशी झटापट सुरू केली. 13 हा कर्ण आहे हे आकृतीत ढळढळीत दिसत होतं. वजाबाकी केली असती तर 12 हातात होते. मीही शाळेत हेच करायचो. पायथागोरसचं सूत्र (कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज) तोंडपाठ, पण काटकोनासमोर कोण बसलंय ते बघायचंच नाही. तुमचेही किस्से येऊ द्या.

—

पुस्तकातली 5 मीटरची शिडी नेहमी भिंतीपासून 3 मीटरवर ठेवलेली असते. चढून दाखवा एकदा! खरा अंदाज चारास एक, म्हणजे चार भाग उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून एक भाग दूर. पाय 1.2 मीटरवर ठेवला तर शिडी 4.85 मीटरवर टेकते. पाय एवढा ओढूनही उंची शिडीच्या लांबीपेक्षा जेमतेम 15 सेंटिमीटरने कमी होते, हे मला गणित करेपर्यंत खरं वाटत नव्हतं.

—

आमचं काम बांधकामाचं. 24 फुटी भिंतीची आखणी 3-4-5 ने केली (या मापांच्या बाजू जुळल्या की कोपरा काटकोनात). 4 फुटांवर अर्धा इंच चुकलो होतो, तो भिंतीच्या टोकाला 3 इंच झाला. दोरी उकलून पुन्हा सगळं. आता 9-12-15 धरतो, आणि शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजल्याशिवाय खोदायला हात लावत नाही. छोट्या गुण्यावर मोठी खोली सोडू नये.

—

55 इंची टीव्ही 50 इंचाच्या कोनाड्यात मावणार नाही म्हणून घरात वाद. अहो, 55 हा कर्ण! 16:9 च्या पडद्याला रुंदी साधारण 48, उंची 27. मी जिंकले. (कडेची पट्टी धरूनही बसला.)

—

माझी फजिती वेगळी, एकच बाजू दिलेली होती. 'लीलावती'तलं गणित, भास्कराचार्यांचं, 1150 सालचं. 9 हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, आणि बिळापासून 27 हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरका झेपावतो, दोघांनी कापलेलं अंतर सारखं. गाठ बिळापासून किती हातांवर? मी तासभर अंदाजाने आकडे घालत होते. गाठीचं बिळापासूनचं अंतर क्ष धरलं, की सापाची वाट 27 − क्ष आणि तोच मोराचा कर्ण. 81 + क्ष² = (27 − क्ष)² मांडलं, दोन्हीकडचे क्ष² उडाले आणि उरलं साधं समीकरण: 54क्ष = 648, म्हणजे 12 हात. कर्ण 15. वरच्या आखणीवाल्यांचंच 9-12-15!

—

धागाकर्ता : मोर-सापाचं भाचीला दिलं. या वेळी तिने आधी काटकोनावर खूण केली. मग विचारते, "पण मामा, मोर येताना बघूनही साप सरळच कसा चालत राहिला?"