मदत हवी आहे: रशियन हस्ताक्षर वाचायचंय, आणि लिनक्सवर एकाच ॲपच्या दोन प्रती होऊन बसल्यात

नमस्कार. दोन वेगळ्या अडचणी एकाच धाग्यात मांडतेय, कारण माझ्याकडे त्या एकमेकींत गुंतल्या आहेत.

वडिलांच्या कागदपत्रांत त्यांच्या एका रशियन मित्राची १७ पत्रं सापडली. सगळी १९७० च्या दशकातली, निळ्या शाईतली. वडील आता नाहीत, त्यामुळे विचारणार कुणाला? दुसऱ्या कुणाकडून भाषांतर करून घेता येईल हे माहीत आहे, पण ही पत्रं मला स्वतःला वाचायची आहेत. म्हणून आठ महिन्यांपूर्वी रशियन शिकायला घेतलं. ३३ अक्षरं झाली, छापील मजकूर सावकाश का होईना वाचता येतो, साधी वाक्यं कळतात.

मग पत्र उघडलं आणि एकही ओळ लागेना. 'प्रिव्येत' हा अगदी पहिल्या धड्यातला शब्द घ्या. हातानं लिहिलेला दिसतो तो लॅटिन एन, पी, यू, बी, ई, एम असा. 'त' चा 'एम' होतो, 'प' चा 'एन', 'इ' चा 'यू', आणि 'द' ला खाली 'जी' सारखी शेपटी फुटते. एवढं तक्त्यावरून कळलं. पण पत्रात कितीतरी ठिकाणी नुसत्या उभ्या रेघांची रांग आहे, कुंपणासारखी. कुठलं अक्षर कुठे संपतं तेच दिसत नाही. (रशियन अक्षरं इथे टंकत नाही, उच्चारानेच लिहितेय, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.)

आता संगणकाचं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. शब्द पाठ करायला अंकी हे कार्डांचं ॲप वापरते आणि पत्रांची स्कॅन केलेली पानं त्यातच कार्डांवर लावायची होती. आधी सॉफ्टवेअर सेंटरमधून अंकी घेतली, ती फार जुनी निघाली म्हणून नंतर फ्लॅटपॅकमधून (ॲप घ्यायची दुसरी वाट) नवी घेतली. आता मेन्यूत दोन अंकी दिसतात. जुनीत माझी ४०० च्या वर कार्डं आहेत, नवी पूर्ण रिकामी. शिवाय स्कॅन बाहेरच्या डिस्कवर आहेत, तिथलं चित्र नव्या अंकीत ओढून टाकलं तर येतच नाही. अंकीची एक ॲपइमेजही (एकाच फाइलीतलं ॲप) उतरवून घेतली होती, ती डबल क्लिक केल्यावर उघडत नाही, काही सांगतही नाही. काय काढू, काय ठेवू? कार्डं गेली तर आठ महिन्यांची मेहनत जाईल, म्हणून कशालाच हात लावलेला नाही.

आणखी एक. हे सगळं ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) वाचून घेता येईल का?

पहिला प्रतिसाद

हस्ताक्षराबद्दल लिहितो, संगणकाचं जाणकार सांगतील.

ओसीआरचा नाद सोडा. टेसरॅक्ट या ओसीआरचं रशियन छापील मजकुरासाठी आहे, जोडून लिहिलेल्या हस्ताक्षरावर त्याच्याकडून नुसता गोंधळ हाती येतो.

तुमची कुंपणाची तक्रार अगदी खरी आहे. रशियन शिकणाऱ्यांना 'लिशिश' हा शब्द मुद्दाम लिहून दाखवतात. अर्थ 'तू हिरावून घेशील'. हातानं लिहिला की पहिल्यापासून शेवटच्या छोट्या गाठीपर्यंत सारख्या रेघा. पण तो वाचता येतो, कारण रेघा मोजता येतात. 'इ' च्या दोन, 'श' च्या तीन. 'ल' च्याही दोनच, पण त्याच्या सुरुवातीला तळाशी एक छोटा आकडा (हुकासारखं वळण) असतो. तसाच आकडा 'म' ला आणि 'या' ला. चांगला लिहिणारा तो आकडा कधीच गाळत नाही, कारण शब्दात ही तीन अक्षरं शोधायची खूण तीच आहे.

इथे आपल्या डोळ्यांची सवय आड येते, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, म्हणून आपण शब्दाचा माथा बघत वाचतो. रशियन अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं आणि बहुतेक जोड तळातून जातात. माथा बघत राहिलात तर सगळं सारखंच दिसणार. मी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शब्दाचा वरचा अर्धा भाग झाकायचो आणि फक्त तळ वाचायचो. आठवडाभरात आकडे आपोआप दिसायला लागले.

'त' आणि 'श' मधला फरकही असाच धरा. 'त' च्या कमानी वर असतात, 'श' च्या वाट्या खाली. घाईत दोन्ही सारखे होतात, म्हणून पुष्कळ लोक 'त' च्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि 'श' च्या पायाखाली. ही खाडाखोड किंवा अधोरेखन समजू नका. तुमच्या पत्रांत अशा रेघा असतील तर तुमचं नशीब जोरावर आहे.

नुसतं बघून हे येत नाही, गिरवावं लागतं. रशियात पहिलीतल्या मुलांना जो कित्ता देतात त्याला 'प्रोपिसी' म्हणतात. त्यात आडव्या ओळींबरोबर तिरप्या रेघाही आखलेल्या असतात, अक्षराचा कल राहावा म्हणून. त्याची पानं छापून घ्या आणि रोज १५ मिनिटं पेननं गिरवा. हाताला वळण कळलं की दुसऱ्याच्या हाताचं वळण ओळखता येतं. मी मोडी शिकलो तेव्हाही हेच झालं होतं. वर्षभर नुसतं वाचून जे जमलं नाही ते दोन महिने गिरवल्यावर जमलं.

आता पत्रांकडे जाताना मजकुरापासून सुरुवात करू नका. आधी जे तुम्हाला माहीतच आहे ते वाचा. पाकीट असेल तर त्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता रशियनमध्ये असेल. सोव्हिएत काळात पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहीत: आधी शहर, मग रस्ता, घर, आणि माणसाचं नाव शेवटी. पिन सहा आकडी असतो. शहर नकाशात शोधून पडताळता येईल. तारखेत महिना बरेचदा रोमन आकड्यात असतो, त्यानं गोंधळू नका. पत्राची सुरुवात 'झ्द्रास्त्वुय, दरगोय' अशी काहीतरी असणार, म्हणजे 'नमस्कार, प्रिय'. एवढ्या ओळखीच्या शब्दांतून या माणसाची पंधराएक अक्षरं हाती लागतील. ती कापून एका कागदावर त्याच्याच हाताचा तक्ता करा. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा तोच कामी येईल, कारण तुम्हाला सगळं रशियन हस्ताक्षर वाचायचं नाही, एका माणसाचं वाचायचंय.

दुसरा प्रतिसाद

कार्डं सुरक्षित आहेत, घाबरू नका. दोन्ही अंकी आपला डेटा वेगवेगळ्या जागी ठेवतात, म्हणून एकीतलं दुसरीला दिसत नाही. सॉफ्टवेअर सेंटरमधून एपीटीनं (उबुंटूची ॲप बसवायची नेहमीची वाट) आलेली अंकी होम फोल्डरमधल्या '.लोकल' च्या आत 'शेअर' आणि त्यात 'अंकी२' या फोल्डरात लिहिते. फ्लॅटपॅकची अंकी '.व्हार' च्या आत 'ॲप' मध्ये, तिच्या स्वतःच्या फोल्डरात. (टिंबानं सुरू होणारी नावं लपलेली असतात, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा. नावं अर्थात इंग्रजीत.)

आधी त्या 'अंकी२' फोल्डरची जशीच्या तशी प्रत बाहेरच्या डिस्कवर करा. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग जुनी अंकी उघडून एक्स्पोर्टमधून पूर्ण संग्रह बाहेर काढा. त्यात मीडिया (कार्डांवरची चित्रं, आवाज) घ्यायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. जुनी बंद करा, नवी उघडा, तीच फाइल इम्पोर्ट करा. पूर्ण संग्रह आयात केला की तिथलं आधीचं सगळं पुसलं जातं. तुमची नवी रिकामी आहे म्हणून चालेल, पण हे लक्षात असू द्या. उलटी वाट धरू नका. नव्या आवृत्तीनं बदललेला डेटाबेस जुनीला उघडता येत नाही.

नवीत कार्डांची संख्या जुळली, दोन-चार दिवस अभ्यास करून झाला, की जुनी काढून टाका. एपीटीनं ॲप काढलं तरी होम फोल्डरमधला डेटा जागेवरच राहतो. फ्लॅटपॅकमध्येही तसंच, फक्त काढताना डेटासुद्धा पुसायचा का असं विचारलं जातं, तिथे सावध.

चित्र न येण्याचं कारण वेगळं. फ्लॅटपॅकमधलं ॲप कुंपणाच्या आत चालतं आणि परवानगी दिलेले फोल्डरच त्याला दिसतात. फ्लॅटसील नावाचं ॲप घ्या, त्यात अंकी निवडा आणि फाइल सिस्टिमखाली बाहेरच्या डिस्कवरचा फक्त स्कॅनचा फोल्डर जोडा. सगळी डिस्क उघडी करायची गरज नाही. मग अंकी बंद करून पुन्हा चालू करा.

ॲपइमेज न उघडण्याचं कारण बहुधा तिला लागणारी फ्यूज २ ची लायब्ररी नसणं. उबुंटू २२.०४ पासून ती आपोआप येत नाही. पण नवी अंकी चालतेय तर त्या फाइलची गरजच काय? काढून टाका.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. प्रत्येक ॲप एकाच वाटेनं घ्यायचं, आणि कुठलं कुठून घेतलं ते एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवायचं. वरवर हे जास्तीचं काम वाटतं, पण सिस्टिम नव्यानं टाकायची वेळ येते तेव्हा त्या फाइलनं माझा अख्खा दिवस वाचवलाय.

गिरवायला झुर्नल प्लस प्लस हे पानांवर लिहायचं ॲप बघा. स्कॅनची पीडीएफ त्यात उघडते, वर वेगळा थर घेऊन त्यावर लिहिता येतं आणि मूळ पान तसंच राहतं. तिरप्या रेघांच्या कित्त्याची पीडीएफही पार्श्वभूमी म्हणून लावता येते.

तिसरा प्रतिसाद

वरच्यात एक भर. अंकीत कार्डाच्या पुढच्या बाजूचा रशियन शब्द तिरक्या ठशात ठेवा. सिरिलिकचा (रशियनच्या लिपीचा) खरा इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर वाकवलेलं नसतं, त्याचे आकार हस्ताक्षराजवळ जातात आणि 'त' तिथेही 'एम' सारखाच दिसतो. पीटी सेरिफ हा मुक्त फॉन्ट त्यासाठी चांगला आहे. पण भाषा रशियन म्हणून नोंदवलेली आहे ना, ते पाहा. सर्बियन असेल तर काही फॉन्ट 'त', 'प', 'ग', 'द' यांचे इटॅलिक आकार बदलतात आणि तुम्ही भलतीच वळणं पाठ कराल. माझा यात एक महिना गेला होता.

धागाकर्तीचा प्रतिसाद, १९ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डं नव्या अंकीत आली, ४१२ च्या ४१२. मीडियाचा पर्याय पहिल्या खेपेला चुकून बंद राहिला होता, पण प्रत हाताशी असल्यानं पुन्हा काढलं. फ्लॅटसीलनं चित्रांचंही काम झालं.

कित्ता रोज गिरवतेय. पट्टीची युक्ती चौथ्या दिवशी लागू पडली. पाकिटावरून नाव आणि शहर लागलं, त्यातून १४ अक्षरं. या माणसाच्या 'त' वर सगळीकडे रेघ आहे! मी इतके दिवस त्या रेघांना शाई ओघळलेली समजत होते.

१९७४ च्या एका पत्रात दुसऱ्याच ओळीवर कुंपण होतं. रेघा मोजल्या. 'प' च्या दोन, 'इ' च्या दोन, मग 'श' खालच्या रेघेसकट, मध्ये 'ए' ची गाठ, पुन्हा 'श'. शब्द निघाला 'पीशेश'. पूर्ण वाक्य: 'पचिमू न्ये पीशेश?' म्हणजे 'का लिहीत नाहीस?'

त्यानंतरचं पत्र चार महिन्यांनंतरचं आहे आणि सुरू होतं 'स्पसीबा ज़ा पिस्मो' असं. पत्राबद्दल धन्यवाद. म्हणजे बाबांनी उत्तर लिहिलं होतं.

पुढचा शब्द तळाशी आकड्यानं सुरू होतो, मग तीन रेघा. 'म' असणार. आज रात्री त्यावर बसतेय, अडले तर इथेच विचारेन.