स्लेट उकलायच्या हत्याराला काय म्हणावं?

मुळाक्षर: वेल्समधल्या स्लेट खाणींवरचा लेख मराठीत आणते आहे. अडलंय एका हत्याराशी. पातं रुंद नि पातळ. कारागीर बुटक्या बैठकीवर बसून ठोकळा मांडीला टेकवतो, कडेच्या बरोबर मध्यावर पातं धरून लाकडी मोगरीनं हलके ठोके देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. वेल्शमध्ये छिन्नीला 'कीन' म्हणतात, म्हणून मी 'छिन्नी' लिहिलं. संपादकांना 'टाकी' हवी आहे.

रानजाई: टाकी मुळीच नको. पीठ जाडं पडायला लागलं की आजी जात्याला टाकी लावून घ्यायची. टोकदार, बोटाएवढी जाड. ती दगडाचे टवके उडवते, पापुद्रा सोडवत नाही.

शब्दवेध: संस्कृत 'टंक' म्हणजे दगड फोडायचं हत्यार. टाकी त्यातूनच आली. घरचा शब्द असताना हिंदीतली छिन्नी कशाला?

लोहारगल्ली: हिंदीत छेनी म्हणतात हो. माझे वडील फिटर, त्यांच्या पेटीत छिन्नीच होती. हातात हत्यार असलेला माणूस म्हणतो तो शब्द खरा.

शब्दवेध: कारखान्यात तर पान्याला 'स्पॅनर'ही म्हणतात. तोही घ्यायचा?

चिरेबंदी: नामावर अडलात, पण क्रियापद जास्त चुकतंय. दगड 'फोडला' की तुकडे होतात. 'चिरतात' ते लाकूड, करवतीनं. हा दगड 'उकलतो'. आमच्याकडचे वडार काळ्या दगडाची नस बघून घाव घालतात, तसंच स्लेटचंही: पदर कुठे सुटेल ते आधी नजरेला कळावं लागतं. शिवाय ठोकळा ओलसर ठेवतात, सुकला की नीट उकलत नाही.

मुळाक्षर: 'उकलणे' घेतलं! आता मापं. 24×12 इंची कौल 'डचेस', 20×10 'काउंटेस', 16×8 'लेडी'. सरदारणी म्हणू?

रानजाई: नावं तशीच ठेव गं. पण स्लेटला 'पाटीचा दगड' म्हण, शाळेतली पाटी सगळ्यांना आठवते.

लोहारगल्ली: पाटी म्हणजे आमच्याकडे टोपली. वाचणाऱ्याला टोपलीतला दगड वाटेल.

शब्दवेध: टोपलीला पाटी? ती दुरडी.

रानजाई: दुरडी लहान असते. कोळणीच्या डोक्यावर असते ती पाटीच.

लोहारगल्ली: तेच म्हणतोय. बांगड्याची पाटी, दुरडी नव्हे.